माळ वळण्याआधी

होनोलुलूच्या विमानतळावर पाहुण्याच्या गळ्यात पडणारी माळ मराठी माणसानं निरखून पाहिली, तर तिच्यात त्याला बहुतेक ओळखीचीच फुलं सापडतील. पांढरा-पिवळा चाफा मूळचा अमेरिका खंडातला. विल्हेल्म हिलेब्रांट नावाच्या जर्मन डॉक्टरानं तो १८६० साली हवाईत आणला, आणि आरंभी तिथेही तो दफनभूमीत लावायचं झाड म्हणूनच ओळखला जाई. मोगऱ्याला तिथे ‘पिकाके’ म्हणतात, म्हणजे मोर. राजकन्या काइउलानीला वाइकीकीच्या आपल्या बागेतले मोर आणि मोगरा दोन्ही प्रिय होते, म्हणून फुलाला पक्ष्याचं नाव मिळालं. रुईही आहे. आपण जिच्या पानांची माळ शनिवारी मारुतीला घालतो, तिच्या फुलातला मधला मुकुट अलगद काढून तिथे ओवतात, आणि हवाईची शेवटची राणी लिलिउओकालानी हिचं हे लाडकं फूल होतं असं सांगतात. याशिवाय निशिगंध, आणि थायलंडहून पेट्या भरून येणारी ऑर्किडं.

ही माळ, म्हणजे लेई, खोटी नाही. हवाईच्या माणसांनी बाहेरून आलेलं फूल आपलंसं केलं आणि त्यात स्वतःचं कसब ओतलं. पण आज एखादा शिष्य जेव्हा म्हणतो की मला ‘जुनी’ लेई शिकायची आहे, तेव्हा गुरू, म्हणजे ‘कुमु’, त्याला सुई-दोऱ्यापाशी नेत नाहीत. जुन्या लेईत फुलांचा वाटा बेताचाच. तिच्यात नेचे असतात, वेली असतात, कोवळी लाल पालवी, शेंगांची बोंडं, फळं, बिया, शिंपले, पक्ष्यांची पिसं. त्यातलं रानातून काय आणायचं, कधी आणायचं, किती आणायचं आणि काय मुळीच आणायचं नाही हे कळायला वर्षं जातात. हाताचं काम त्या मानानं लवकर येतं. माझ्या मते या कलेचं खरं अवघडपण इथेच आहे, आणि तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण नेमकं हेच सोडून थेट वेणी घालायला बसतात.

रानाची ओळख करून घेताना आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पॅसिफिकच्या मधोमध, कुठल्याही खंडापासून हजारो किलोमीटर लांब असलेल्या या ज्वालामुखी बेटांवर जे उगवलं ते वाऱ्यानं, लाटांनी किंवा पक्ष्यांच्या पोटातून आलं. येणारं बी क्वचित येई, पण आलं की लाखो वर्षं एकांतात वाढून वेगळंच होई. म्हणून हवाईतल्या मूळच्या फुलझाडांपैकी सुमारे नव्वद टक्के जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. पुढे, साधारण हजारएक वर्षांपूर्वी, पॉलिनेशियन दर्यावर्दी आपल्या जोडहोड्यांतून आले ते तारो, केळी, ऊस, कुकुई आणि ‘की’ यांची रोपं-कंद घेऊन. ही ‘होडीतली झाडं’. कॅप्टन कुक १७७८ मध्ये पोचल्यानंतर जे आलं ते तिसरं. लेई करणारा देशी झाडं म्हणतो तेव्हा पहिल्या गटाला मान पहिला, दुसऱ्या गटालाही घरात जागा, आणि तिसऱ्याशी सलोखा.

पालापालाइ हा मऊ लव असलेला नेचा पहिल्या गटातला. हुला नाचणाऱ्यांच्या डोक्यावर, मनगटांवर, घोट्यांवर जी हिरवी झालर दिसते ती बहुधा याची. शिकणाऱ्याला पहिल्यांदा रानात नेतात तेव्हा पालापालाइ ‘उपटू नको, मोड’ एवढंच सांगितलं जातं. त्याचं खोड जमिनीलगत आडवं पसरतं. पान हिसकलं की त्याबरोबर खोडाचा तुकडा आणि मुळं निघून येतात आणि पुढच्या वर्षी ती जागा रिकामी दिसते. एका जागेवरून सगळी पानं घ्यायची नाहीत. इथून दोन, पुढून तीन, अशी चालत चालत घ्यायची. रानात शिरताना एक ‘ओली’, म्हणजे साद घालणारा मंत्रपाठ, म्हणतात आणि आत येण्याची परवानगी मागतात. बाहेरच्याला हा उपचार वाटेल. पण हुलाची देवता लाका हिची रूपं म्हणजेच ही झाडं, अशी धारणा असेल तर नाचणाऱ्याच्या अंगावर चढते ती देवता असते, आणि देवतेला ओरबाडता येत नाही. वनरक्षकाला जी शिस्त दंड लावून आणावी लागते, ती इथे एका श्रद्धेनं पिढ्यान्‌पिढ्या पाळवून घेतली आहे.

माइलेची गोष्ट आणखी वेगळी. ती ओलसर रानातली, करवंद आणि कण्हेरीच्या कुळातली, चकचकीत पानांची वेल. झाडांवर चढते, नाहीतर झुडपासारखी पसरते. फूल नगण्य. मोल आहे ते सालीच्या वासाला. हा वास कुमारिन या द्रव्याचा, म्हणजे नुकत्याच कापलेल्या गवताला येतो त्या जातीचा गोड वास. तो ताज्या वेलीपेक्षा साल चेचल्यावर आणि किंचित सुकल्यावर जास्त दरवळतो. वेल काढायची, शेंड्यापाशी देठ हलकेच ठेचायचा किंवा दातानं चावायचा, आणि मग पानांसकट साल एका लांब पट्टीसारखी आतल्या काडीवरून सोडवून घ्यायची. वेल रसरशीत वाढीला लागलेली असेल तर साल सुरकन सुटते. नसेल तर तुकडे होतात आणि हात दुखतात. अशा दोन-तीन पट्ट्या एकत्र सैल वळल्या की माइलेची लेई झाली. तिची टोकं बांधत नाहीत, ती गळ्यात उपरण्यासारखी मोकळी सोडतात. गरोदर बाईला बंद गोल माळ घालू नये असा संकेत आहे, तिथेही अशी मोकळी लेई चालते. इमारतीच्या उद्‌घाटनाला फीत कापण्याऐवजी माइलेची गाठ सोडण्याची पद्धत आहे, कारण ही वेल कात्रीनं कापणं अनेकांना बरं वाटत नाही.

इलिमाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण जुन्या हवाईत खास माळेसाठी म्हणून जी थोडी झाडं मुद्दाम लावली जात त्यांत ती होती. आपल्या माळरानावर, रस्त्याच्या कडेला जो चिकणा उगवतो, त्याच्याच वंशातलं हे झुडूप, जास्वंद-भेंडीच्या कुळातलं. फूल जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंद, सोनेरी-नारिंगी, पाकळ्या कागदासारख्या पातळ. ते सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. म्हणून पहाटे, उमलण्याच्या बेतात असताना खुडायचं, खालचा हिरवा पेला काढून टाकायचा आणि मधोमध सुई घालून चकत्यांसारखी एकावर एक दाबून बसवायची. एका सराला पाचशे ते हजार फुलं लागतात. झालेली माळ हाताला मखमली दोरासारखी लागते आणि दिवस मावळेपर्यंत टिकते. एका दिवसाच्या माळेसाठी एवढा खटाटोप करणाऱ्या समाजात सरदारांची, म्हणजे ‘आलिइं’ची, प्रतिष्ठा किती असेल याचा अंदाज येतो. शिक्षिका इलिमाचा धडा सहसा शेवटी ठेवतात. कारण कसबाचं नव्हे, झाडांचं आहे: हजार फुलं एका सकाळी मिळायला अंगणात इलिमाचा ताटवा हवा, आणि तो शिष्याला आधी लावावा लागतो.

बाकी झाडांची ओळख बेटाबेटानं करून घ्यावी. १९२३ साली हवाईच्या विधिमंडळानं प्रत्येक बेटाची लेई ठराव करून ठरवली. ओआहूची इलिमा, हवाई बेटाची लाल लेहुआ, मोलोकाइची कुकुई. काउआइची मोकिहाना म्हणजे लिंबाच्या कुळातल्या झाडाची हिरवी छोटी फळं, बडीशेपेसारख्या वासाची, ओवून वर्षानुवर्षं ठेवता येणारी. मात्र ओल्या, घामट कातडीवर ती घातली तर फोड येतात. निइहाउ बेट इतकं कोरडं की त्याची लेई फुलांची नाहीच, किनाऱ्यावरच्या बारीक शंखांची आहे. आणि लानाइची काउनाओआ म्हणजे चक्क अमरवेल. आपल्याकडच्या अमरवेलीची ती सख्खी बहीण, मूळ नाही, पान नाही, दुसऱ्याच्या अंगावर जगणारी नारिंगी सुतं. ती सुतं मूठभर घेऊन नुसती पिळली की लेई. बांडगुळाला बेटाचं मानचिन्ह करणारे लोक मला फार आवडतात. एकट्या माउईच्या वाट्याला गुलाब आला, लोकेलानी, तो बाहेरचा.

आता हाताचं काम. त्याच्या पद्धती मोजक्या आहेत. ‘कुई’ म्हणजे ओवणं. आज लांब पोलादी सुईनं, पूर्वी नारळाच्या पातीच्या हिरानं. ‘हिली’ म्हणजे एकाच वनस्पतीची तीन किंवा अधिक पेडांची वेणी. नेच्याची हिली सर्वात सुरेख दिसते. ‘किपुउ’ म्हणजे देठाला देठ गाठ मारत जाणं. ‘हुमुपापा’ म्हणजे पानाच्या किंवा कापडाच्या पट्टीवर फुलं टाक्यांनी शिवणं. उरलेल्या तिन्हींवर शिकणाऱ्याचा बराच वेळ जातो.

‘हाकू’मध्ये आधी तीन पेडांची वेणी सुरू करतात, बहुधा की किंवा नेच्याची, आणि प्रत्येक वळशाला एक नवा झुबका वेणीत अडकवत जातात: थोडी लेहुआची लाल पालवी, आआलिइ या झुडपाची कागदी बोंडं, एक नेच्याचं टोक. ‘विली’त वेणी नसते. पाठीला एक पट्टी ठेवायची, तिच्यावर झुबका ठेवून दोऱ्यानं गुंडाळायचं, पुढचा झुबका मागच्याचे देठ झाकेल असा ठेवायचा, पुन्हा गुंडाळायचं. दोरा आज राफियाचा असतो. पूर्वी ‘हाउ’ झाडाच्या सालीचा किंवा केळीच्या सोपटाचा असे. गोव्यात आणि तळकोकणात अबोलीचा वळेसर सोपटाच्या धाग्यानंच करतात. विलीत सगळं यश ताणावर आहे. ताण सैल पडला तर नाच सुरू झाल्यावर माळ डोक्यावरून सुटते, आणि हुलाच्या स्पर्धेत गळालेलं पान परीक्षकाला दिसतंच. पर्यटकांच्या बोलीत डोक्यावरच्या कुठल्याही माळेला हल्ली ‘हाकू’ म्हणतात, मग ती विलीनं केलेली का असेना. जुन्या शिक्षिका ते ऐकून कपाळाला हात लावतात.

‘हिलो’ म्हणजे पिळणं, आणि शिकायला बसलेल्याला बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा हेच देतात. की या झाडाचं जून झालेलं हिरवं पान घ्यायचं, मधली शीर काढून टाकायची. पान मऊ व्हायला पूर्वी विस्तवावर शेकत. आता रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी बाहेर काढतात किंवा वरून इस्त्री फिरवतात. मग दोन अर्ध्या पात्या एका टोकाला गाठीनं जोडून ती गाठ पायाच्या अंगठ्यात अडकवायची. दोन्ही पेड बोटांत स्वतंत्रपणे उजवीकडे पिळायचे आणि एकमेकांवरून डावीकडे टाकायचे. दोन पीळ उलट दिशांचे असल्यानं एक दुसऱ्याला उलगडू देत नाही. कोकणात काथ्याचं सुंभ वळणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पेड बारीक झाला की नवी पाती घुसवायची, पण दोन्ही पेडांचे जोड एकाच जागी येऊ द्यायचे नाहीत. कीचं पान स्वस्त, मुबलक, चुकलं तर दुःख नाही. पण पहिला धडा कीनं देण्यात आणखी एक शहाणपण आहे: रानातल्या झाडाला शिकाऊ हात लागत नाहीत.

हे ज्ञान विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विरळ होत चाललं होतं. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली राणी काआहुमानूनं १८३० मध्ये जाहीर हुलावर बंदी घातली. राजा कालाकाउआनं १८८० च्या दशकात तो पुन्हा दरबारात आणला. १८९३ मध्ये राज्यच गेलं. मग आगबोटींचे दिवस आले आणि बंदरावरच्या माळवाल्या बायकांनी चाफा-कार्नेशनच्या लेई विकून संसार चालवले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस डॉन ब्लँडिंग नावाच्या कवीनं लेईचा एक दिवस पाळावा असं सुचवलं, एक मे रोजी तो साजरा होऊ लागला, आणि होनोलुलूत आजही त्या दिवशी लेईच्या स्पर्धा होतात. खरा उठाव मात्र सत्तरच्या दशकातला. मोलोकाइच्या मरी मॅकडोनाल्ड यांनी १९७८ मध्ये ‘का लेइ’ हे पुस्तक काढून पद्धती, झाडं आणि त्यांची नावं एका जागी आणली. १९९० मध्ये त्यांना अमेरिकेची राष्ट्रीय वारसा पाठ्यवृत्ती मिळाली. त्याच १९७८ साली हवाईच्या राज्यघटनेत मूळ रहिवाशांचे रूढीनं चालत आलेले हक्क जपण्याचं कलम आलं. रानातून माइले आणण्याचा प्रश्न आज न्यायालयात गेला, तर त्या कलमाचा आणि १८५० च्या एका कायद्याचा आधार निघतो. त्या जुन्या कायद्यानं रयतेला जमीनदाराच्या जमिनीतून पाच गोष्टी घेण्याची मुभा दिली होती: सरपण, घराचं लाकूड, बांधायची दोरी, छपराचं गवत आणि कीची पानं. कायद्याच्या पुस्तकात पानाला जागा मिळालेली फारशी कुठे दिसत नाही. सरकारी राखीव जंगलातून वेल-पान घ्यायला मात्र आता परवाना लागतो.

आणि मग लेहुआ. हवाईच्या देशी जंगलाचा सुमारे ऐंशी टक्के भाग ओहिआ या एका झाडाचा आहे. थंड झालेल्या लाव्हावर सर्वात आधी उगवणाऱ्यांत तेच. लेहुआ म्हणजे त्याचं केसराळ लाल फूल. पेले देवीनं ओहिआ नावाच्या तरुणाचं झाड केलं आणि त्याची प्रिया लेहुआ त्या झाडाचं फूल झाली. म्हणून फूल खुडलं की दोघांची ताटातूट होऊन पाऊस पडतो, अशी कथा आहे. हवाई बेटावरच्या पुना भागात २०१० च्या सुमारास ओहिआची झाडं एकाएकी तपकिरी होऊन मरू लागली. २०१४ मध्ये कारण सापडलं: एक बुरशी, सेराटोसिस्टिस. पुढे त्या दोन वेगळ्या, विज्ञानाला नव्या जाती ठरल्या आणि २०१८ मध्ये त्यांना हवाईयन शब्दांवरून नावं दिली गेली. त्यातली लुकुओहिआ, म्हणजे ओहिआचा संहार करणारी, जास्त घातक. ती झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नसा बंद करते. शेंडा वाळलेला दिसतो तोवर आत सगळं संपलेलं असतं. एकट्या हवाई बेटावर दहा लाखांहून अधिक झाडं गेली.

या बुरशीला आत शिरायला जखम लागते. डुकरानं सोललेली साल, वादळात मोडलेली फांदी, आणि माळेसाठी खुडलेला शेंडाही. बीजाणू बुटाच्या चिखलातून, कोयत्याच्या पात्यावरून, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांच्या भुशातून फिरतात. २०१५ मध्ये हवाई बेटावरून ओहिआचा कुठलाही भाग विनापरवाना बाहेर नेण्यावर बंदी आली. हुलाची सर्वात मोठी स्पर्धा, मेरी मोनार्क, त्याच बेटावरच्या हिलो गावात ईस्टरनंतरच्या आठवड्यात भरते, आणि तिथे लेहुआ माळणं हा पिढ्यांचा मान. तरी आयोजकांनी आणि गुरूंनी नर्तकांना ती न वापरण्याची विनंती केली, आणि अनेक पथकांनी ती मानली. कुणी दुसरी फुलं घेतली, कुणी नुसती हिरवाई. रानात शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावर बूट घासून त्यांवर सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल मारणं, कात्र्या पुसणं, गाडीची चाकं धुणं, हे आता लेईच्या वर्गात ओलीच्या जोडीनं शिकवतात.

वापरून झालेली लेईही या नियमांत आली. ती कचऱ्यात टाकायची नाही हा जुना संकेत. दोरा काढून ती झाडाखाली, मातीत किंवा जिथून आणली त्या रानात परत द्यायची. पूर्वी नर्तक ती किलाउएआ ज्वालामुखीपाशीही नेत. आता एका डोंगरावरचा पाला दुसऱ्या डोंगरावर नेऊन ठेवणं हाच धोका, म्हणून जिथली तिथेच, नाहीतर आपल्याच अंगणात.

माइलेवर अजून एकमत नाही. मे महिन्यात शाळा-कॉलेजांचे पदवीदान समारंभ येतात आणि माइलेला इतकी मागणी येते की रान पुरं पडत नाही. मग कुक बेटांवरून, माउकेसारख्या बेटांवरून, तिथली माइले विमानानं येते. काही गुरू म्हणतात, पॅसिफिकच्या भावंडांची वेल आहे, रानाला तेवढी उसंत मिळते, घ्यावी. काही म्हणतात की समारंभाला ठीक, पण लाकाच्या वेदीवर परदेशातून खोक्यात आलेली वेल कशी चढवायची? मला दुसऱ्यांचं म्हणणं पटतं, पण त्यावर उपाय एकच आणि तो सावकाशीचा: लावणं. माइले लावून वाढवता येते, मात्र ती मंद वाढते आणि तिला सावली, ओल आणि चढायला आधार लागतो. हवाई बेटावरच्या कोना भागात, मानोआ खोऱ्यातल्या लायन वनस्पती उद्यानात, काउआइवरच्या लिमाहुली बागेत देशी झाडं जपली आहेत. शिकणाऱ्यांसाठी हीच मोठी पुस्तकं.

मराठी वाचकाला हात चालवून पाहायचा असेल तर रानात जायचं कारण नाही. आपल्या रोपवाटिकांत ‘कॉर्डिलाइन’ म्हणून जांभळट-लाल पानांचं जे कुंडीतलं झाड मिळतं, ते हवाईच्या कीच्याच जातीचं शोभेचं रूप आहे; खोडाचा वीतभर तुकडा मातीत खोचला तरी फुटतो. त्याची जून पानं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून हिलो वळता येते. फक्त या शोभेच्या वाणाची पानं पुष्कळदा अरुंद आणि आखूड असतात, त्यामुळे जोड लवकर लवकर द्यावे लागतात. गळाभर लांबीला वीसेक पानं हाताशी ठेवावीत.